तुडीलचा जांभळा भात

जांभळ्या पानांचा भात मला बघवत नाही. कुणी हौसेनं परसात लावलेला दिसला तरी मी तोंड फिरवून पुढं जातो. भाताचा यात दोष नाही हे मला कळतं. पुण्याला जाऊन शेतकीची पदवी घेतलेला माणूस मी, गवतावर राग धरण्याइतका खुळा नाही. पण तो रंग पाहिला की एक माणूस आठवतो, आणि मग दिवसभर काही गोड लागत नाही.

तो माणूस म्हणजे आमचे डॉक्टर. औषधाचे नव्हेत. बीजात आईबापांचे गुण कसे उतरतात याचं शास्त्र शिकून ते विलायतेहून आले होते आणि महाडच्या सरकारी भातकेंद्राचे मुख्य झाले होते. मी त्यांच्या हाताखालचा मदतनीस. आम्ही पोलादपूरकडचे शेतकरी, घरी पिढ्यान् पिढ्या भातच. मुलगा सरकारी खुर्चीत बसून भाताकडे बघायचे पैसे घेतो याचं आमच्या वडिलांना फार हसू यायचं.

डॉक्टर हुशार होते, हे आधीच सांगून टाकतो. मठ्ठ माणसाची मला कधी किळस आलेली नाही. मठ्ठपणा हा एक आजार आहे आणि आजाऱ्यावर रागावत नाहीत. डॉक्टर मात्र भाताचं झाड हातात घेऊन, त्याच्या पानाची कड, पेराची गाठ, कुसळाचा रंग पाहून त्याची आई कोण आणि बाप कोण हे सांगत. नव्वद टक्के वेळा ते खरं निघे. पहिल्या वर्षी मी त्यांच्या मागं मागं भारल्यासारखा फिरलो. जांभळा रंग हिरव्यावर मात करतो, हिरवा दबून राहतो आणि नातवंडांत पुन्हा डोकं वर काढतो, हे त्यांनी मला बांधावर उकिडवं बसून शिकवलं. उकिडवं मी. ते बांधाजवळ घडीच्या खुर्चीवर. चिखलाला हात लागला की लगेच खिशातून अत्तर लावलेला रुमाल निघायचा. शेतकऱ्याचा हात लागला तरी तोच रुमाल निघायचा. मला तेव्हा तो टापटिपीचा भाग वाटला.

त्यांनी हाती घेतलेलं काम चांगलंच होतं. सावित्रीच्या काठच्या खोलगट खाचरांत देवभाताचा उच्छाद असे. देवभात म्हणजे आपोआप उगवणारा रानभात. रोप असताना तो आणि पेरलेला भात यांत ब्रह्मदेवालासुद्धा फरक कळायचा नाही. कळतो तो निसवल्यावर, लांब कुसळं बाहेर आली म्हणजे, आणि तोवर खत-पाणी सगळं खाऊन झालेलं असतं. शिवाय दाणा पिकला की वाऱ्याच्या झुळकीनं गळतो, मातीत जातो आणि पुढच्या वर्षी दुप्पट होऊन उभा राहतो. डॉक्टरांची युक्ती साधी होती. शेतकऱ्यांना जांभळ्या पानांचा चांगला भात द्यायचा. मग शेतात जे हिरवं दिसेल ते देवभात, ते उपटायचं. आंधळ्यालाही बेणणी जमेल, असं ते म्हणत.

या प्रयोगाला शेत हवं होतं, आणि तेही देवभातानं पार गांजलेलं. असं शेत तुडीलला माझ्या आत्याचं होतं.

आत्या विधवा. मूलबाळ नाही. शेत कागदोपत्री तिच्या धाकट्या दिराच्या नावावर. तो मुंबईला गिरणीत होता आणि गिरणीजवळच्या चाळीत त्यानं दोन खोल्या घेतल्या होत्या. गाववाल्या गिरणी कामगारांची खाणावळ काढावी, आणि रांधायला वहिनीला न्यावं, असं त्याच्या मनात कधीपासून होतं. आत्याला मुंबईचं नाव काढलं तरी घाम फुटायचा. ती एकदा जाऊन आली होती. त्या खोलीत चुलीच्या धुरात चार महिने राहून परत आली तेव्हा म्हणाली होती, "मेले तरी चालेल, पण त्या बिळात परत जायची नाय." दिरानं शेवटी कबूल केलं होतं की शेत चांगलं पिकवून त्याचा अर्धा भात माझ्या घरी पोचवलास तर राहा तुडीलला. नाही पिकलं तर शेत दुसऱ्याला लावीन आणि तू माझ्याबरोबर यायचं. तिचं सगळं आयुष्य त्या खाचरांवर टांगलेलं होतं, आणि खाचरं देवभात गिळत चालला होता.

म्हणून डॉक्टर तिच्या ओट्यावर येऊन बसले तेव्हा आत्याला देवच भेटल्यासारखं झालं. डॉक्टरांनी हात जोडले, "आई" म्हणाले. बोलायला लागले की खडीसाखरेची वाटी हातात दिल्यासारखं वाटायचं. आत्यानं त्यांना गुळाचा चहा दिला. तो त्यांनी ओठाला लावला आणि ती आत वळल्याबरोबर ओट्याखाली ओतला. मी पाहिलं.

पहिलं वर्ष झकास गेलं. जांभळ्या खाचरात हिरवं रोप हळदीकुंकवाच्या ताटात माशी दिसावी तसं दिसे. आत्या कमरेत वाकून दिवसभर उपटायची आणि संध्याकाळी भाऱ्यानं गुरांना घालायची. कित्येक वर्षांत पिकला नव्हता इतका भात पिकला. दीर खूश झाला. आत्या महाडला आली की केंद्राच्या फाटकाशी उभी राहून डॉक्टरांच्या खोलीच्या दिशेनं हात जोडायची.

दुसऱ्या वर्षी आत्यानं त्याच पिकातलं बी पेरलं. भात निसवला आणि मी तुडीलला गेलो तर जांभळ्या पिकात मधूनच उंच झाडं उभी. पानं जांभळी आणि लोंबीला देवभाताची लांबलचक कुसळं. मी आधी डोळे चोळले. मग महाडला निरोप पाठवला आणि डॉक्टर दुसऱ्या दिवशी हजर झाले.

त्या झाडांपुढं उभं राहिलेल्या डॉक्टरांचा चेहरा मी विसरलेलो नाही. लग्नात नवरदेवाचा चेहरा व्हावा तसा उजळला होता. शुद्ध पेरलेल्या भातातून, बाहेरचा कसलाही संबंध नसताना, एकाएकी रानटी पूर्वजाची लक्षणं उसळून यावीत, बीजानं आपणहून उडी मारून हजारो वर्षं मागं जावं, असं कुणीतरी दाखवावं म्हणून विलायतेतले पंडित टपून बसले होते. डॉक्टर मला म्हणाले, "आपण ते दाखवलं." तो 'आपण' ऐकून माझीही छाती फुगली, खोटं कशाला बोलू.

पण मी शेतकऱ्याचा मुलगा. मला संशय आला आणि मी आत्याला विचारलं, "आत्या, गेल्या साली सगळा देवभात उपटलास ना?"

"सगळा उपटला रे. शेतात एक काडी ठेवली नाय."

"आणि बांधाला?"

"बांधाला थोडा ठेवलाय. ऋषिपंचमीला लागत नाय काय?"

ऋषिपंचमीच्या दिवशी आमच्याकडच्या बायका बैलाच्या कष्टाचं काही खात नाहीत. नांगरल्याशिवाय उगवलेलं तेवढंच चालतं, म्हणून देवभाताचे दाणे वर्षभर मडक्यात जपून ठेवतात. दाणे गळू नयेत म्हणून उभ्या झाडाच्याच लोंब्या एकत्र करून त्यांची शेंडी बांधतात. डॉक्टरांनी सांगितलं होतं, शेतातलं हिरवं उपटा. आत्यानं शेतातलं उपटलं होतं. पाणी खाली उतरतं तिथं, बांधाच्या कोपऱ्यात, तिनं मूठभर देवभात राखला होता. तो देवाचा. सरकारचा हुकूम देवापर्यंत जातो असं तिला कुणी सांगितलं नव्हतं.

म्हणजे उडीबिडी काही नव्हती. बांधावरच्या देवभाताचा पराग वाऱ्यानं जांभळ्या भातावर पडला होता आणि सरळ संकर झाला होता. रंग जांभळ्याचा आला, कुसळं आणि गळणं देवभाताचं. मला वाटलं, डॉक्टर हसतील आणि म्हणतील, बरं झालं वेळेवर कळलं. मी त्यांना तो कोपरा दाखवायला घेऊन गेलो. त्या वर्षीच्याही लोंब्या तिथं उभ्या होत्या, शेंड्या बांधून, एका ओळीत.

डॉक्टरांनी ते पाहिलं. मग त्यांनी बूट काढले, मोजे काढून बुटात नीट घातले, विजार गुडघ्यापर्यंत दुमडली आणि चिखलात उतरले. त्यांना चिखलात उतरलेलं मी पहिल्यांदाच पाहत होतो. त्यांनी एकेक झाड मुळासकट उपटलं, मोळी केली आणि नदीत भिरकावून दिली. वर येऊन रुमालानं बोटं एकेक करून पुसली आणि मला म्हणाले, "इथं काही नव्हतं. तुम्हीही काही पाहिलं नाही."

मी म्हणालो, "साहेब, पण हे तर संकराचं..."

"तुम्ही मदतनीस आहात," ते शांतपणे म्हणाले, "मदत करा."

माझ्या आयुष्यात मला माणसाची शिसारी आली ती तेव्हा पहिल्यांदा. राग नव्हे. राग निवतो. दुधात पाल पडलेली पाहिल्यावर ते दूध गाळून, उकळून, साखर घालून कुणी पुढं केलं तर जसं होईल तसं मला त्या माणसाच्या प्रत्येक शब्दानं व्हायला लागलं.

डॉक्टर तेवढ्यावर थांबले असते तर एक खोटा निबंध जगात आणखी वाढला असता, आणि जगाचं काय बिघडलं असतं? पण ती कुसळवाली झाडं अजून आत्याच्या शेतात उभी होती. मी डॉक्टरांना सांगितलं, लोंब्यांना पिशव्या बांधून हवं तेवढं बी घ्या आणि बाकीची झाडं दाणा भरायच्या आत कापून टाका, नाहीतर शेताचा सत्यानाश होईल. जांभळा देवभात एकदा मातीत गेला की तो ओळखायचा कशानं? डॉक्टर नाही म्हणाले. विलायतेचा एक मोठा पंडित हिंदुस्थानात आला होता आणि दसऱ्यानंतर महाडला यायचा होता. त्याला ती झाडं शेतात उभी, पिकलेली दाखवायची होती. छायाचित्रं काढायची होती.

पंडित आला. डोक्याला टोप, हातात छत्री. त्यानं झाडांभोवती दोनदा फेरी मारली, मान हलवली, डॉक्टरांचा हात दोन्ही हातांत धरला. तो झाडाला हात लावी तेव्हा पिकलेले दाणे टपटप चिखलात पडत, आणि त्याला त्याची गंमत वाटून तो पुन्हा हात लावी. आत्या बांधावर पदर खोचून उभी होती. एवढा गोरा साहेब आपल्या शेतात आला म्हणून तिचा ऊर भरून आला होता. तिला मी आदल्या दिवशी सगळं समजावून सांगितलं होतं. ती म्हणाली होती, "सायब शिकलेला हाय. तो मला बुडवील काय?"

पुढचं आधीच सांगतो, म्हणजे एकदाचं हातावेगळं होईल. त्या झाडांचं बी मी स्वतः केंद्रात पेरलं. संकराच्या पोटी यायची तशीच पिल्लावळ आली. काही हिरवी, काही जांभळी, काही कुसळवाली, काही बोडकी, नुसता बाजार. डॉक्टरांनी त्यातली मनाजोगती झाडं ठेवली आणि बाकीची मला जाळायला लावली. मी जाळली नाहीत, तर त्यांनी शिपायाकडून जाळून घेतली. निबंध छापून आला. त्यात लिहिलं होतं, शुद्ध बीजात आपोआप झालेला आकस्मिक पालट. त्या निबंधावर डॉक्टर चढत गेले. परिषदा झाल्या, सुवर्णपदक आलं, कुठल्याशा विद्यापीठानं बोलावून खुर्ची दिली. मग शिष्य आले. शिष्यांनी आपापल्या निबंधांत गुरूचा निबंध आधाराला घेतला, शिष्यांच्या शिष्यांनी शिष्यांचा. पुढं पाठ्यपुस्तकात तुडीलच्या खाचराचं चित्र आलं. खाचराच्या मागं बांधावर पदर खोचलेली एक धूसर बाई दिसते. ती कोण हे कुणी छापलेलं नाही.

एकदा त्यांचा एक तरुण शिष्य मला शोधत पोलादपूरला आला. बिचारा कितीतरी वर्षं शुद्ध भात पेरत होता आणि त्याच्याकडं काही केल्या उडी मारणारं बीज निघत नव्हतं. स्वतःच्याच हाताला यश नाही म्हणून झुरून अर्धा झाला होता. मी त्याला खरं काय ते सांगितलं. त्याचा चेहरा आधी मोकळा झाला, आणि मग हळूहळू बंद होत गेला. म्हणाला, "हे आता बाहेर काढू नका. माझा प्रबंध त्याच पायावर आहे." मग तोही तसलंच काहीतरी छापून मोकळा झाला. वाढप्यानं उष्टी पत्रावळ पुन्हा मांडावी आणि पंगतीनं ओळखूनही जेवावं, तसा हा विद्वत्तेचा कारभार. वरच्या अधिकाऱ्यांकडे मी तोंडी तक्रार घेऊन गेलो होतो. त्यांनी मला बसा म्हटलं नाही. "तुम्ही डॉक्टर आहात का?" एवढंच विचारलं.

हे झालं जगाचं. मला आत्याचं सांगायचं आहे.

पंडित येऊन गेला त्याच्या पुढच्या वर्षी आत्याच्या शेतात लावणीनंतर सगळं जांभळंगार. थोडं हिरवं उगवलं तेवढं आत्यानं उपटलं, मग हिरवं पान औषधालाही नाही. आत्याला वाटलं, देवभात हटला. ती रोज बांधावर जाऊन शेत डोळे भरून बघायची. मी तिला पुन्हा सांगितलं तर म्हणाली, "तुझ्या तोंडात वाईटच असतं." निसवल्यावर मात्र अख्ख्या शेतावर कुसळं आली. एका बाजूनं कापायला घ्यावं तर दुसऱ्या बाजूनं दाणे मातीत. झोडणीला नुसता पेंढा. दिवाळीला दीर मुंबईहून आला, त्यानं खळ्यावरचा ढीग पाहिला आणि पाहिल्याबरोबर म्हणाला, "वयनी, बिस्तरा बांध."

आत्या रडली नाही. ती खळ्यातच बसली. मी दिराला म्हटलं, दोष तिचा नाही, बी केंद्राचं, प्रयोग केंद्राचा. दीर तसा वाईट माणूस नव्हता. मुंबईत राहून त्याला एक ऐट आली होती एवढंच. तो म्हणाला, "तू तिचा भाचा, तू बोलणारच. तो डॉक्टर सायब येऊन माझ्या समोर बोलू दे का हिची मिस्टेक नाय. मग मी येक साल अजून बघतो. मर्द की जबान."

एका वाक्याचं काम होतं. मी त्याच पावली महाडला गेलो.

त्या संध्याकाळी डॉक्टरांचं गावात व्याख्यान होतं. महाडात ते दिवस कसले होते हे ज्यानं पाहिलंय त्याला सांगायला नको. तळ्याचं पाणी माणसांच्या ओंजळीनं बाटलं म्हणून ज्यांनी ते शेणागोमुत्रानं शुद्ध करून घेतलं होतं, ती सगळी प्रतिष्ठित मंडळी पहिल्या रांगेत, उपरणी सावरून बसलेली. आमच्याकडचे काही जमीनदार नातेवाईकही त्यांत होते. डॉक्टरांनी आधी भाताचं सांगितलं. तुडीलच्या शेतात शुद्ध बीजातून रानटी पूर्वज कसा उसळला ते सांगितलं. बाहेरचा एक कणही तिथं गेलेला नव्हता, असं छातीवर हात ठेवून सांगितलं. आणि तिथून ते सरळ माणसांवर आले. घराण्यांची बीजंही अशीच असतात, म्हणाले. शुद्ध बीजसुद्धा जर असं घसरतं, तर मिसळलेल्याचं काय होईल? ज्याची जागा जिथं आहे तिथंच त्याला ठेवणं हेच शास्त्र आहे. पहिल्या रांगेनं टाळ्या वाजवल्या. शेण कालवलेल्या त्याच हातांच्या टाळ्या. आता शेणाला शास्त्राचा आधार मिळाला होता. मी दाराशी उभा होतो. मूठभर देवभातावर हा माणूस माणसांचं नशीब रचतोय, हे मला सहन होईना. तरी मी व्याख्यान संपेपर्यंत उभा राहिलो, कारण मला त्यांच्याकडून एक वाक्य हवं होतं.

हार गळ्यात असतानाच मी त्यांना गाठलं. आत्याची सगळी हकीकत सांगितली. निबंधाबद्दल चकार शब्द काढला नाही. त्यांच्या पाया पडायचंच मी बाकी ठेवलं होतं. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "अहो, त्यात काय. उद्या सकाळीच येतो. माउलीला सांगा, काळजी करू नका."

दुसऱ्या दिवशी ते खरंच आले. आत्यानं सकाळपासून ओटा सारवला होता. दीर मुंबईची टोपी घालून उभा. डॉक्टर खुर्चीवर बसले, दिरानं नमस्कार केला आणि विचारलं, "सायब, ही शेताची हालत कोणामुळं झाली? तुमच्या बियाण्यामुळं का हिच्या कामामुळं?"

डॉक्टर क्षणभर माझ्याकडं बघून हसले. मग शेतकऱ्याला समजेल अशा सोप्या, स्वच्छ मराठीत म्हणाले, "आमचं बी उत्तम होतं. पहिल्या वर्षी तुम्ही पाहिलंच. पण यांनी बांधाच्या कोपऱ्यात देवभात राखला होता, लोंब्यांच्या शेंड्या बांधून. मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला, स्वतःच्या हातांनी उपटला. त्याचा पराग आमच्या भातावर बसला आणि ही मिसळ झाली. साधा संकर आहे. शेतातलं आणि बांधावरचं सगळं उपटायला हवं होतं."

आदल्या संध्याकाळी छातीवर ठेवलेला हात आता गुडघ्यावर होता. एवढाच काय तो फरक.

मी ओरडलो. काय काय बोललो ते सगळं आठवत नाही. काल सभेत काय सांगितलंत, निबंधात काय लिहिलंत, ती झाडं गोऱ्या पाहुण्यासाठी पिकेपर्यंत उभी कुणी ठेवली, असं बरंच. दीर म्हणाला, "अरे, सभेचं आणि लिवलेलं मला काय मालूम नाय. देवभात ठेवला होता का नाय, येवढं सांगा." आणि तो आत्याकडं वळला. "वयनी, ठेवला होता काय?"

ती नाही म्हणाली असती तर कुणी काही सिद्ध करू शकलं नसतं. मोळी केव्हाच समुद्राला लागली होती. मी तिच्याकडं बघून मान हलवत होतो, नाही म्हण, नाही म्हण. ती डोक्यावरचा पदर पुढं ओढून म्हणाली, "खरं हाय. मीच ठेवला होता. पंचमीला लागतो म्हणून."

संपलं. डॉक्टर उठले, आत्याला "येतो आई" म्हणाले आणि मला त्यांच्या मोटारीत बसायला सांगितलं. मी बसलो नाही. त्याच आठवड्यात मी नोकरी सोडली आणि वरंधच्या शाळेत मुलांना पाढे शिकवायला लागलो. पाढ्यांत निदान कुणी आपोआप उडी मारत नाही.

तुळशीचं लग्न झाल्यावर मी आत्याला दासगावच्या धक्क्यावर पोचवायला गेलो. दीर पुढं जाऊन लाँचमध्ये जागा धरून बसला होता. आत्याजवळ एक वळकटी आणि एक गाठोडं. ती नदीकडं बघत नव्हती, शेत ज्या बाजूला आहे त्या बाजूलाही बघत नव्हती. मी मनात ठरवून आलो होतो की तिला आज सगळं पुन्हा, पहिल्यापासून, नीट समजावून सांगायचं. तुझ्या खऱ्यानं तुझं शेत गेलं आणि तेच खरं दाबून तो मोठा झाला, हे तिला कळलंच पाहिजे होतं. तिनं निदान त्याला शिव्या तरी द्याव्यात, असं मला फार वाटत होतं.

मी तोंड उघडलं, तोच ती म्हणाली, "एक सांगू काय रे? त्या सायबाचा तू राग धरू नको. मला आई म्हणत होता तो. पण माझ्यासाठी म्हणून तो खोटं नाय बोलला. येवढा मोठा माणूस, पण खऱ्याचा. असा माणूस आता बघायला मिळायचा नाय."

भोंगा झाला. तिला हात देऊन मी लाँचवर चढवलं आणि काही बोललो नाही. त्या बिळात उरलेलं आयुष्य भाकऱ्या थापत बसायचं होतं तिला. तिथं जाताना जगात एक खरं बोलणारा माणूस आपल्याला भेटला, एवढं तरी तिच्याजवळ राहू दे, असं मला वाटलं. म्हणजे डॉक्टरांचं खोटं आता मीही राखणार होतो, माझ्या हातानं, तिच्या भल्यासाठी. लाँच वळणाआड गेली तोवर कसाबसा तग धरला, आणि मग धक्क्यावर, लोकांच्या देखत, मी भडभडून ओकलो.